सोलापूर ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा मोजावा

मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेली आणि 'आता तुम्ही या' असे बोलावणे आले, की सोलापुरातल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो पोहोचायला किती वेळ लागतो हा. उत्तरेही लगेच मिळतात. कोणी १४ तास सांगतो, कोणी २२, आणि एकदा जाऊन आलेले शेजारी 'सरळ दोन दिवस धरा' असे म्हणतात. यातले कोणीच खोटे बोलत नसते. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत असतो. एक असते हवाई अंतर, म्हणजे दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पाठीवरचे कमीत कमी अंतर. दुसरा असतो उड्डाणाचा वेळ, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा काळ. तिसरा असतो प्रवासाचा वेळ, म्हणजे आपल्या दाराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दाराची घंटा वाजवेपर्यंतचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे तीन आकडे वेगवेगळे काढायला शिकले, तर तिकीट निवडणे, रेल्वेचे आरक्षण करणे आणि घरच्यांना खरी वेळ कळवणे, ही सगळी कामे सोपी होतात. या लेखात सोलापूर ते न्यूयॉर्क हाच प्रवास उदाहरणासाठी घेतला आहे. लंडन, टोरांटो किंवा मेलबर्नला जाणाऱ्यांनी आकडे बदलून हीच रीत वापरावी.

पायरी पहिली: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

अंतर आणि वेळ नेहमी विमानतळांमध्ये मोजले जातात, आणि मोठ्या शहरांना एकाहून अधिक विमानतळ असतात. न्यूयॉर्कच्या तिकिटावर 'जेएफके' लिहिलेले असेल तर विमान क्वीन्स भागातल्या केनेडी विमानतळावर उतरेल. 'ईडब्ल्यूआर' असेल तर ते नेवार्कला, म्हणजे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात उतरेल. हवेतल्या अंतरात याने काही फरक पडत नाही, परंतु न्यायला येणारी मुलगी भलत्याच विमानतळावर उभी राहिली तर मधल्या रस्त्यांवरच्या गर्दीमुळे तास-दोन तासांचा खोळंबा ठरलेला.

हीच काळजी आता मुंबईतही घ्यावी लागते. अंधेरीजवळच्या जुन्या विमानतळाची खूण 'बीओएम' आहे, तर नवी मुंबई विमानतळाची 'एनएमआय'. नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पुण्याहून द्रुतगती मार्गाने उतरणाऱ्या सोलापूरकरांना तो वाटेतच, पनवेलजवळ पडतो. तिकिटावरची ही तीन अक्षरे वाचल्याशिवाय पुढचे कोणतेही गणित मांडू नये.

पायरी दुसरी: हवाई अंतर काढा

शाळेतल्या भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते आणि तोच सरळ रस्ता आहे असे वाटते. तो सरळ नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणतो, त्यामुळे कागदावरची सरळ रेघ गोलावर लांबची ठरते आणि गोलावरची जवळची वाट कागदावर कमानीसारखी वाकडी दिसते. होकायंत्राची एकच दिशा धरून मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे ठरवले तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. गोलावरचे खरे जवळचे अंतर मात्र सुमारे १२,५४० किलोमीटर आहे.

याची खात्री घरी करून घेता येते. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा आणि त्यावर सुताचा एक दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणून धरावा. सोलापुरात आणखी कशाचा तुटवडा असेल, सुताचा नाही. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर येऊन बसतो. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशियावरून रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून स्वीडन-नॉर्वेकडे वळतो, आइसलँडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरतो, आणि उत्तरेकडून न्यूयॉर्कला पोहोचतो. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर जातो. आफ्रिकेला तो शिवतही नाही. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात, आणि दोऱ्याची लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. एवढ्या साध्या साधनाने काढलेले अंतर फार तर शंभर-दोनशे किलोमीटरने चुकते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

ज्यांना गणिताची आवड आहे, किंवा घरात दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांना हेच अंतर कॅल्क्युलेटरवर काढता येईल. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. एक रेखांश पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा असल्यामुळे त्यांची बेरीज करावी, म्हणजे फरक १४६.७ अंश येतो. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, तो ०.२१३ येतो. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणावे. ते उणे ०.६०० येते. दोन्हींची बेरीज उणे ०.३८७ होते. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे तो कोन ११२.७५ अंशांचा असतो, आणि पृथ्वीच्या पाठीवर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर धरले की उत्तर १२,५४० किलोमीटरच्या जवळ येते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने खऱ्या मोजणीत थोडा फरक पडतो, पण प्रवाशाने त्याची चिंता करू नये.

चिंता करावी ती एककांची. विमानप्रवासात मैल आणि सागरी मैल दोन्ही चालतात. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. म्हणून एकच अंतर कुठे १२,५४०, कुठे सुमारे ७,७९० आणि कुठे सुमारे ६,७७० असे लिहिलेले दिसते, आणि 'या विमानाची वाट जवळची दिसते' असा गैरसमज होतो. आकड्यापुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे.

पायरी तिसरी: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची प्रवासी विमाने स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. १२,५४० ला ९०० ने भागले की जवळपास १४ तास येतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि पुन्हा जागेवर लागणे यांचा अर्धा ते पाऊण तास मिळवावा. विमान कंपनी वेळापत्रकात जो वेळ छापते तो चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा असतो, केवळ आकाशातला नव्हे.

एवढ्यावर हिशेब संपला असता तर जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच आला असता. तो सारखा येत नाही, कारण विमान ज्या हवेत उडते ती हवाच पळत असते. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि पट्ट्याच्या मध्यभागी वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. भारतातून अमेरिकेकडे पश्चिमेला जाताना हा वारा छातीवर घ्यावा लागतो आणि परतताना तो पाठीशी असतो. सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला, तर जाताना वेग ८२० होऊन आकाशातला वेळ सुमारे १५ तास १८ मिनिटे होतो; येताना वेग ९८० होऊन तो १२ तास ४८ मिनिटांवर येतो. म्हणजे अंतर तेच, विमान तेच, आणि फरक अडीच तासांचा.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो सुशिक्षित घरांतही आढळतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमान वर गेले की न्यूयॉर्क आपोआप जवळ किंवा दूर होते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरचे हवेचे आवरण आणि त्यातले विमानही फिरतच असते. फरक पडतो तो वाऱ्याने.

वारा किती मोलाचा असतो याचे एक ठळक उदाहरण भारतीयच आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट बाजूने, म्हणजे पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजारावर किलोमीटर लांबची होती, तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळपास दोन तास वाचले. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण वैमानिकाच्या दृष्टीने जवळची वाट तीच, जिला कमी वेळ आणि कमी इंधन लागते. अटलांटिक महासागरावरचे विमानमार्गही याच कारणाने दररोज त्या दिवसाचे वारे पाहून नव्याने आखले जातात.

पायरी चौथी: बंद आकाशाचा वळसा मिळवा

दोऱ्याने दाखवलेली वाट प्रत्येक विमानाला मिळतेच असे नाही. प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते आणि तो देश ते बंद करू शकतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि भारतानेही त्याच महिन्यात तसेच उत्तर दिले. यापूर्वी २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत अशी बंदी होती. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपीय संघातल्या देशांच्या विमानांना मिळत नाही. आपली दोऱ्याची वाट नेमकी या दोन्ही देशांवरून जाते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, पण वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांच्या वेळांत तासा-दोन तासांचा फरक पडू शकतो. तिकीट काढताना कंपनीचा लिखित वेळ पाहावा तो यासाठी. नकाशावरून आपण काढलेला वेळ हा किमान वेळ समजावा. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारे विमान घेतले तर जाताना १५ ते १७ तास आणि येताना १४ ते १५ तास धरून चालणे शहाणपणाचे आहे.

पायरी पाचवी: तिकिटावरची घड्याळे एक करा

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाच्या घड्याळाने आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाच्या घड्याळाने दिलेली असते. समजा, उदाहरणादाखल, तिकिटावर असे आहे: मुंबई, २० जानेवारी, ०१:३०, न्यूयॉर्क, २० जानेवारी, ०७:००. वरवर पाहता प्रवास साडेपाच तासांचा दिसतो. प्रत्यक्षात जानेवारीत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेदहा तास मागे असते. म्हणून पोहोचण्याच्या वेळेत साडेदहा तास मिळवून ती भारतीय वेळ करावी: सकाळचे सात अधिक साडेदहा, म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. आता दोन्ही वेळा सोलापूरच्या झाल्या. मध्यरात्रीनंतरच्या दीडपासून संध्याकाळच्या साडेपाचपर्यंत १६ तास होतात, आणि हाच उड्डाणाचा खरा वेळ.

परतीला उलटा भास होतो. न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता सुटलेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत पोहोचते, असे तिकिटावर लिहिलेले असेल तर साडेचोवीस तासांचा प्रवास दिसतो. सुटण्याची वेळ भारतीय केली की ती रात्रीची साडेदहा होते, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या साडेबारापर्यंत १४ तासच उरतात. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी अधिक १ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, त्याचा अर्थ 'पुढच्या तारखेला' एवढाच आहे.

साडेदहा तासांचा हा फरक वर्षभर टिकत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा असतो. लंडनशी आपला फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा आहे, पण तिथे घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा लंडन-न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरकही चारवर येतो. मेलबर्न आपल्या पुढे आहे. फरक तिकडच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच तासांचा असतो. दुबई मात्र बाराही महिने आपल्या दीड तास मागे राहते, आणि आपणही घड्याळाला कधी हात लावत नाही.

आता तारखेविषयी. भारतातून पश्चिमेकडे जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि येथे आपली बोलण्याची सवय आडवी येते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. बोलतानाही आपण पहाट होईपर्यंत आदलाच वार धरतो. १९ तारखेच्या रात्री दीड वाजता कोणी आजारी पडले तर आपण '१९ तारखेच्या रात्री' असेच सांगतो. विमान कंपनीची तारीख मात्र रात्री बारालाच बदलते, आणि तोच क्षण तिच्या लेखी २० तारीख असतो. म्हणून '२० जानेवारी, ०१:३०' याचा आपल्या भाषेतला अर्थ '१९ तारखेला रात्रीचे जेवण लवकर उरकून विमानतळावर असणे' हा आहे. आमच्याच घरात पहिल्या खेपेला रेल्वेचे आरक्षण २० तारीख धरून झाले होते. सोलापूरहून १९ च्या रात्री निघणारी गाडी घेतली असती तर आम्ही २० च्या सकाळी मुंबईत उतरलो असतो, आणि आमचे विमान तेव्हा साडेपाच तासांमागे सुटलेले असते. चूक एका भाच्याच्या लक्षात आली म्हणून निभावले. तेव्हापासून आमच्याकडे असे तिकीट आले की दिनदर्शिकेवर आदल्या तारखेच्या चौकटीत 'आज रात्री विमानतळ' असे लाल शाईने लिहितात. ही सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

पायरी सहावी: मधला थांबा तपासा

थेट विमान महाग पडते किंवा सोयीच्या दिवशी मिळत नाही, तेव्हा मधे एक थांबा असलेले तिकीट घ्यावे लागते. थांब्यामुळे अंतर खूप वाढत असेल अशी भीती असते, ती बहुधा निराधार ठरते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे एकूण १२,९३० होतात. थेट अंतरापेक्षा फक्त ४०० किलोमीटर जास्त. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५४० मिळून १२,७४० होतात, म्हणजे वाढ केवळ २०० किलोमीटरची. कारण उघड आहे, दोऱ्याची वाट या शहरांपासून फार दूर नाही. याउलट स्वस्त म्हणून कोणी सिंगापूरमार्गे तिकीट सुचवले, तर मुंबई ते सिंगापूर ३,९०० आणि तिथून न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किलोमीटर, अशी १९,००० किलोमीटरच्या वरची पायपीट पदरी पडते. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एक आहे आणि त्याला एकट्यालाच १८ तासांच्या वर लागतात.

म्हणजे थांबा निवडताना पाहायचे ते अंतर नव्हे, तर थांब्यावरचा वेळ. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, विशेषतः साठीच्या पुढच्यांना, अडीच ते चार तासांचा थांबा उत्तम. दीड तासाचा थांबा वेळापत्रकात चांगला दिसतो, परंतु पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले की मोठ्या विमानतळावर धावाधाव होते. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटे काढलेली असतील तर ती जबाबदारी आपली. ज्या देशात थांबणार तिथे विमानतळावर थांबण्यासाठीही व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

आणखी एक तपशील वेळेच्या हिशेबात येतो. अमेरिकेत आपण ज्या पहिल्या शहरात उतरतो तिथेच प्रवेशाची तपासणी होते. पुढे देशांतर्गत विमान असेल तर सामान तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, म्हणून तिथला थांबा तीन तासांहून कमी नसावा. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी मात्र अबू धाबीलाच उरकते, त्यामुळे तिकडे उतरल्यावर रांग लागत नाही, पण अबू धाबीतल्या थांब्यात तेवढा वेळ राखावा लागतो.

पायरी सातवी: सोलापूरचा हिस्सा जोडा

सोलापूर ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ४५५ किलोमीटर आहे. सगळ्या वाटेच्या हिशेबात ते साडेतीन टक्केच भरते, पण वेळेचा फार मोठा वाटा हाच टप्पा आणि त्याच्या पुढची वाट पाहणे खाऊन टाकतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचवते आणि साधारण आठ तास घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत पहाटे निघून साडेसहा तासांत, दुपारपर्यंत पोहोचवते. मोटारीने सुमारे ४०० किलोमीटर आहेत, परंतु खंडाळ्याच्या घाटातली कोंडी कोणाच्याच हिशेबात बसत नाही, म्हणून मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारी मोटारीने निघणे मला धाडसाचे वाटते. हैदराबादचे शमशाबाद विमानतळ रस्त्याने तीनशेहून थोडे अधिक किलोमीटर आहे आणि बाह्यवळण रस्त्याने गेल्यास शहरात शिरावे लागत नाही. आखाती देशांमार्गे जाणाऱ्यांनी तिकडचे भाडेही पाहावे.

होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली, हे सोलापूरकरांचे जुने मागणे पूर्ण झाले. तिथून मुंबईला जाणारे विमान घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याचे तिकीट वेगळे असेल तर ते रद्द झाल्यास पुढच्या विमानाचे नुकसान आपल्यावर येते. म्हणून मधे किमान एक पूर्ण दिवस ठेवावा. आणि देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान फुकट नेता येते, तर अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांनी भरलेल्या दोन बॅगा घेऊन होटगी रोडला गेल्यावर जादा वजनाचे पैसे मोजावे लागले, तर त्यात विमान कंपनीचा दोष नाही.

आता वरच्या उदाहरणाची बेरीज करू. सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्यावरची एखादी फेरी उरकून १९ जानेवारीला पहाटे सव्वापाचला घर सोडले आणि वंदे भारत धरली. दुपारी दीड-दोनला विमानतळाजवळच्या नातेवाइकांकडे पोहोचून जेवण आणि विश्रांती झाली. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते, म्हणून रात्री दहाला विमानतळ गाठला. दीडला विमान सुटले, भारतीय वेळेप्रमाणे २० तारखेला संध्याकाळी साडेपाचला न्यूयॉर्कला लागले. तपासणी, सामान आणि बाहेर पडणे यांत दोन तास, मुलीच्या घरापर्यंत मोटारीने एक तास. सोलापूरच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील, म्हणजे घरापासून घरापर्यंत ३९ तास १५ मिनिटे झाली. त्यातले आकाशातले १६ वगळले तर २३ तासांहून अधिक काळ जमिनीवरच गेला. शेजाऱ्यांचे 'दोन दिवस धरा' आता इतके अतिशयोक्त वाटणार नाही.

हा हिशेब कागदावर तीन रकान्यांत मांडावा: सोलापूरची वेळ, तिकडची वेळ आणि त्या वेळी आपण कुठे असू. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो कागद निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवून प्रवासातल्या गोळ्यांच्या वेळा त्यावरच लिहून घ्याव्यात, कारण 'रात्रीच्या जेवणानंतर' ही सूचना अशा प्रवासात निरुपयोगी ठरते. एक प्रत हातातल्या पिशवीत, एक घरी राहणाऱ्यांकडे आणि एक न्यायला येणाऱ्यांकडे द्यावी.

परतीचे गणित वेगळे मांडावे. मुंबईत दुपारी साडेबाराला उतरले तर बाहेर पडेपर्यंत दोन वाजतात, आणि दुपारी चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत कागदावर सापडण्यासारखी दिसते. विमान तासभर उशिरा आले की ती चुकते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे आरक्षण करावे. ती सकाळी सोलापूरला उतरवते, आणि अमेरिकेतल्या सवयीने रात्रभर झोप लागली नाही तरी आडवे पडून अंग मोकळे करता येते.